पॉवर स्टिअरिंगचा पंप ओरडतोय? आधी त्याला तेल पुरतंय का ते बघा

गाडी सुरू करून पहिलं वळण घेतलं की बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज येतो. ॲक्सिलरेटर दाबला की चढतो, सोडला की उतरतो. स्टिअरिंग सरळ केलं की दबतो, पूर्ण वळवलं की जोर धरतो. गॅरेजमध्ये हा आवाज ऐकवला की निदान बहुतेकदा दोन शब्दांत होतं: पंप गेला.

कधी तो खरंच गेलेला असतो. पण विनाकारण बदललेले पंप मी इतके पाहिलेत की आता हे दोन शब्द ऐकले की माझा हात आधी पंपाकडे जात नाही, टाकीकडे जातो.

एकदा एक गाडी आली, तिला वर्षभरात तिसरा पंप बसला होता. प्रत्येक पंप दोन-तीन आठवडे बरा चालायचा आणि मग तोच सूर. मालक खर्चाने बेजार झाला होता आणि त्याहून जास्त संशयाने: पार्ट नकली होता का, मेकॅनिकने फसवलं का. मी टाकीतून पंपाकडे येणारा रबरी पाईप काढला. बाहेरून नव्यासारखा दिसत होता. चिमटीत धरून दाबत गेलो तर एका जागी जरा जास्तच मऊ लागला. ब्लेडने उभा चिरला आणि उघडला, तर आतला थर भाजलेल्या कातडीला फोड यावा तसा सुटून वर आलेला. बोटभर लांबीची रबराची जीभ पाईपच्या आत लोंबत होती. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, ती एका बाजूला पडून राहत असणार. इंजिनाचा वेग वाढून तेलाचा ओघ वाढला की तीच जीभ उठून आडवी येत असणार. तो पाईप मुळात रेडिएटरच्या पाण्याचा होता. मापाला बसला म्हणून कुणीतरी लावलेला. तीन पंप आले-गेले, पाईप मात्र दर वेळी पुसून तोच परत जोडला गेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणून हा लेख पंपाबद्दल कमी आणि त्या पाईपबद्दल जास्त आहे. हे सगळं तेलावर चालणाऱ्या, म्हणजे हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगबद्दल आहे. नव्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगला इलेक्ट्रिक मोटर मदत करते. तिथे तेल, टाकी, पंप, पाईप यातलं काहीच नसतं आणि आवाजाची कारणंही वेगळी असतात. बॉनेट उघडून स्टिअरिंग ऑईलची टाकी दिसली तर पुढे वाचा.

पंप काय करतो

पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ मध्ये हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग लावलेली गाडी चालवून दाखवली होती. विक्रीच्या मोटारीत ते यायला १९५१ साल उजाडलं, क्रायसलर इम्पीरियलमध्ये. नंतर पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मांडणी तीच राहिली. टाकीत तेल. टाकीतून पंपाकडे एक जाड, कमी दाबाचा पाईप, म्हणजे फीड पाईप. पंपातून स्टिअरिंगच्या रॅककडे किंवा गिअरबॉक्सकडे जाणारा जास्त दाबाचा पाईप, ज्याच्या टोकांना धातूच्या नळ्या आणि नट असतात. आणि तिथून टाकीत परत येणारा रिटर्न पाईप, बहुतेक गाड्यांत फीडपेक्षा बारीक.

पंप बहुधा पात्यांचा असतो. अंडाकृती पोकळीत एक गोल रोटर फिरतो, रोटरला खाचा असतात आणि खाचांत आत-बाहेर सरकणाऱ्या पोलादी पात्या. रोटर फिरताना दोन पात्यांमधली जागा एका फेरीत दोनदा वाढते आणि दोनदा आकसते. वाढते तेव्हा तेल आत येतं, आकसते तेव्हा दाबाखाली बाहेर पडतं. सरळ रस्त्यावर हा दाब थोडासाच असतो. स्टिअरिंग पूर्ण लॉकला, म्हणजे आणखी वळणार नाही अशा टोकाला, नेलं की तो चढत जातो आणि बऱ्याच गाड्यांत १०० बारच्या आसपास रिलीफ व्हॉल्व्ह उघडून त्याला थांबवतो. कारच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, त्यावरून या दाबाचा अंदाज यावा.

बाहेर जाणाऱ्या बाजूला इतका जोर आहे म्हटल्यावर पंप तेल ओढायलाही तेवढाच जबरदस्त असणार असं वाटतं. इथेच गल्लत होते.

पंप तेल ओढत नाही

पंप फक्त जागा मोकळी करतो. त्या जागेत तेल ढकलायचं काम बाहेरची हवा करते, आणि वातावरणाचा दाब आहे जेमतेम १ बार. दुसरा कोणी मदतीला नाही. टाकी पंपाच्या वर असते, तेव्हा उंचीचा जोर मिळत असेल असं वाटेल, पण २० सेंटिमीटर उंचीच्या तेलाचा दाब ०.०२ बारसुद्धा भरत नाही. बाहेरच्या बाजूला १०० बारची श्रीमंती आणि आतल्या बाजूला १ बारची पुंजी. फीड पाईपमधली प्रत्येक अडचण, मग ती चेपलेली जागा असो, तुंबलेली जाळी असो की घट्ट झालेलं थंड तेल, याच पुंजीतून खर्च करते.

पुंजी कमी पडली की काय होतं ते डोळ्यांनी बघता येतं. सुई नसलेली सिरिंज घ्या, अर्धी तेलाने भरा, वर धरून सगळी हवा बाहेर काढा. आता तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या मागे ओढा. मघापर्यंत नितळ असलेल्या तेलात बारीक बुडबुडे उमटतात. बाहेरून हवा आलेली नाही. ती तेलातच विरघळलेली होती. साध्या खनिज तेलात त्याच्या आकारमानाच्या सुमारे ९ टक्के हवा विरघळलेली असते, दाब कमी झाला की ती सुटते. दट्ट्या सोडा, तो टक्‌कन परत येतो.

पंपात हाच टक् दर सेकंदाला शेकडो वेळा होतो. आत येणाऱ्या बाजूला तयार झालेली पोकळी पुढच्याच क्षणी दाबाच्या बाजूला जाते आणि तिथे चिरडते. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. जहाजं बांधणाऱ्यांना याचा त्रास १८९० च्या दशकातच झाला होता. चार्ल्स पार्सन्सची ‘टर्बिनिया’ ही वाफेच्या टर्बाइनची बोट १८९४ च्या पहिल्या चाचण्यांत अपेक्षित वेग गाठेना, कारण पंख्याभोवती पाण्यात पोकळ्या तयार होत होत्या. अशी पोकळी मिटताना किती प्रचंड दाब निर्माण होतो याचं गणित लॉर्ड रेली या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये मांडलं. दाब फार छोट्या जागेत, फार थोडा वेळ असतो, पण पोलादाचे कण उडवायला तेवढा पुरतो. म्हणून ओरडणारा पंप तसाच चालवत राहू नका. आज तो उपाशी आहे म्हणून ओरडतोय. काही महिन्यांनी खरोखर झिजलेला असेल, आणि मग ‘पंप गेला’ हे निदान बरोबर ठरेल.

उपासमार की हवा?

फीडच्या बाजूचे आजार दोन, आणि दोघांचा आवाज सारखाच. एकात तेल पुरेसं येत नाही. दुसऱ्यात तेलाबरोबर बाहेरची हवा आत घुसते. ओळखायला टाकीचं झाकण उघडणं पुरतं.

इंजिन पाच-दहा मिनिटं चालवा, स्टिअरिंग काही वेळा दोन्हीकडे फिरवा, इंजिन बंद करा आणि लगेच टाकीत डोकवा. टॉर्चच्या उजेडात तेलावर फेस दिसला, किंवा लालसर तेल फिकट गुलाबी, दुधाळ झालं असेल, तर हवा शिरते आहे. तेल नितळ आहे आणि तरी आवाज होता, तर वाट अडलेली असण्याची शक्यता जास्त. आणखी एक खूण: हवा असेल तर इंजिन बंद केल्याबरोबर टाकीतली पातळी किंचित वर चढते, कारण आत दाबाखाली आकसलेले बुडबुडे फुगतात.

फेस दिसला तर पहिला प्रश्न पातळीचा. तेल खूप कमी असेल तर पंप सरळ टाकीतूनच हवा घेतो. पातळी बरोबर असूनही फेस असेल तर फीडच्या मार्गावर कुठेतरी फट आहे. इथे भल्याभल्यांची फसगत होते. ‘पाईप कोरडा आहे, थेंबही गळत नाही, म्हणजे जोड चांगला आहे.’ दाबाच्या पाईपला हा न्याय लागतो. फीडला लागत नाही. इंजिन चालू असताना फीड पाईपच्या आत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असू शकतो. फट बारीक असेल तर तेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते, आणि जोड बाहेरून कोरडाच राहतो.

अशी फट तीन ठिकाणी सापडते. पहिलं ठिकाण म्हणजे पाईपची टोकं, जिथे जुन्या रबराची पकड गेलेली असते. दुसरं, पंपाच्या फीड नळीखालची ओ-रिंग, म्हणजे जोड बंद ठेवणारं गोल रबरी कडं. काही पंपांत फीडची नळी बोल्टने बसवलेली असते आणि खाली एक लहानशी ओ-रिंग असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती कडक होते, गोलाकार जाऊन चपटी होते. काढून हातात घेतली आणि वाकवली की तडकते. क्षुल्लक वाटणारा हा भाग अख्ख्या पंपाची बदनामी करतो. तिसरं ठिकाण पंपाच्या दांड्याचं ऑईल सील. बऱ्याच पंपांत सीलच्या मागची जागा फीडच्या बाजूला जोडलेली असते, त्यामुळे सील झिजलं तर तिथूनही हवा ओढली जाते.

फट शोधायची सोपी युक्ती अशी. इंजिन आयडलिंगला ठेवा आणि संशय असलेल्या जोडाभोवती घट्ट ग्रीस चोपडा, किंवा तेच स्टिअरिंग ऑईल ब्रशने भरपूर लावा. काही सेकंदांत आवाज बदलला, तर हवा तिथूनच जात होती. बेल्ट आणि पंखा जवळ असतो, म्हणून बाह्या गुंडाळा, गळ्यातलं-हातातलं सैल काही ठेवू नका आणि हात लांब ठेवून लांब दांड्याचा ब्रश वापरा. तरीही शंका राहिली तर फीड पाईपच्या जागी थोड्या वेळापुरता जाड, पारदर्शक, तेलाला चालणारा पाईप लावून बघावा. टाकीच्या टोकाला नितळ असलेलं तेल पंपाच्या टोकाला बुडबुड्यांनी भरलेलं दिसलं की वाद संपतो.

तेल नितळ असेल, तर अडथळा शोधायचा. बऱ्याच टाक्यांच्या तळाशी बारीक जाळी किंवा फिल्टर असतो आणि काही टाक्यांत तो काढताच येत नाही. पंपाच्या झिजेचा काळा, चिकट गाळ त्यावर बसतो. टाकी काढून उलटी करा, स्वच्छ द्रावणाने धुवा, उजेडाकडे धरा. जाळीतून उजेड दिसला नाही तर टाकी बदला. मग पाईप. इंजिन चालू असताना दुसऱ्याला वेग वाढवायला सांगा आणि लांबून फीड पाईपवर नजर ठेवा: तो वळणावर चपटा होतो का? आणि काढलेला पाईप आतून बघितल्याशिवाय परत लावू नका. आधी टॉर्च, मग बोट, आणि शंका असली तर सरळ ब्लेड.

आवाज कधी येतो यातही खूण आहे. पॉवर स्टिअरिंगला चालणारं ट्रान्समिशन ऑईल ४० अंशांना जेवढं घट्ट असतं त्याच्या साधारण पाचव्या भागाइतकंच १०० अंशांना उरतं, आणि थंडीत ते ४० अंशांपेक्षाही कितीतरी घट्ट असतं. म्हणून थंड असताना कण्हणारा आणि गरम झाल्यावर गप्प होणारा पंप बहुधा अरुंद वाट किंवा चुकीचं, जास्त घट्ट तेल सुचवतो. उलट, गरम झाल्यावर आवाज वाढत असेल तर मऊ पडून चेपणारा पाईप किंवा खरोखर झिजलेला पंप.

आवाज पंपाचा नसेलही

पूर्ण लॉकला धरल्यावर येणारा फुसफुस आवाज रिलीफ व्हॉल्व्हचा असतो. तो असायचाच, फक्त तिथे पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. तीक्ष्ण किंचाळी, खास करून वळवताक्षणी, ही बेल्टची. खाचांच्या चपट्या बेल्टवर थोडं पाणी उडवा: आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत, वाढला तर बेल्ट सैल आहे. स्टिअरिंग वळवा न वळवा, सारखीच घरघर असेल तर बेअरिंग बघा, पंपाचं किंवा शेजारच्या अल्टरनेटरचं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक न फिरणाऱ्या भागावर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावली की आवाज कुठून येतो ते स्पष्ट कळतं. आणि एक कारण सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही: दाबाची धातूची नळी बॉडीला कुठेतरी टेकलेली असते. पंप आपला नेहमीसारखा गुणगुणत असतो, पण नळी ती गुणगुण बॉडीत सोडते आणि आत बसलेल्याला ती दसपट वाटते. नळी मोकळी करून क्लिपचं रबर बदललं की गाडी शांत.

नवा फीड पाईप: कोणता आणि किती जाड

रेडिएटरचा किंवा हीटरचा पाईप इथे कधीही नको. पाण्यासाठीचं ते रबर तेलात फुगतं, मऊ पडतं आणि थर सोडतं. वरच्या गाडीत हेच झालं होतं. तेलासाठी नायट्राईलसारख्या रबराचं अस्तर लागतं. पॉवर स्टिअरिंगच्या कमी दाबाच्या रिटर्न पाईपसाठी एसएई या अमेरिकेतल्या वाहन-इंजिनिअरांच्या संस्थेचं जे१८९ हे मानक आहे, आणि तेल खेचणाऱ्या बाजूसाठी तारेचा पिळा असलेला पाईप १००आर४ या मानकाखाली मिळतो. पाईपवर ते छापलेलं असतं. तारेचा पाईप चेपत नाही, पण ताठ असतो: १९ मिलिमीटरचा असेल तर सुमारे १२५ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण त्याला देता येत नाही. दाटीच्या बॉनेटखाली एवढी जागा क्वचितच मिळते. म्हणून मूळ गाडीसाठी साच्यातून काढलेला, तयार वळणांचा पाईप मिळत असेल तर तोच घ्यावा. त्यातली वळणं कारखान्यात विचार करून दिलेली असतात.

जाडीच्या बाबतीत तडजोड नको, आणि का नको ते आकड्यांत सांगतो. पंपातून मिनिटाला ८ लिटर तेल फिरतंय असं धरू. पाईपचा आतला व्यास १६ मिलिमीटर असेल तर तेलाचा वेग सेकंदाला ६५ सेंटिमीटरच्या आसपास राहतो. तोच व्यास १० मिलिमीटर केला तर वेग १.७ मीटर होतो. हायड्रॉलिकवाले पंपाच्या आतल्या बाजूला साधारण ०.६ ते १.२ मीटरच्या आत राहायला सांगतात. वेगापेक्षाही वाईट गोष्ट दाबाची. पाईपमध्ये संथ वाहणाऱ्या तेलाचा दाब किती घटतो हे व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं. १६ चा १० झाला की घट साडेसहा पट, १६ चा ८ झाला की सोळा पट. हातात फक्त १ बार आहे हे आठवा. रिटर्नचा बारीक पाईप सुटसुटीत बसतो म्हणून फीडला लावणं, किंवा जाड पाईपमध्ये कुठेतरी बारीक जोडनळी घालणं, म्हणजे पंपाच्या गळ्याला हात घालण्यासारखंच आहे. संपूर्ण मार्गात जी सगळ्यात अरुंद जागा असेल, तिचाच हिशेब धरायचा.

टाकीच्या दोन नळ्यांत फीड बहुतेक वेळा जाड आणि तळाशी असते. दोन्ही सारख्या मापाच्या असतील तर काढण्याआधी खूण करून ठेवा. उलटे जोडले गेले तर परत येणारं तेल टाकीत चुकीच्या जागी उसळतं, फेस होतो आणि तो फेसच पंपाकडे जातो.

पाईप न्यायचा कसा

मनात एकच चित्र ठेवा: पाईपमध्ये एक बुडबुडा अडकलाय आणि त्याला टाकीत परत जायचंय. बुडबुडा फक्त वर जातो. म्हणून टाकीपासून पंपापर्यंत पाईपचा उतार अखंड हवा. मध्ये कुठे तो वर चढून पुन्हा खाली उतरला, तर त्या उंचवट्यावर हवा साचून बसते. एअर काढून दमलात तरी ती हलत नाही, आणि जोरात वळवलं की त्यातला तुकडा पंपात जातो. पाईप जास्त लांब कापला की असा उंचवटा आपोआप होतो. एखादी नळी चुकवायला वरून नेला तरी होतो. टाकी पंपाच्या वर ठेवण्याचं खरं कारणही हेच आहे. दाब मिळत नसला तरी पंपाचं तोंड कायम तेलात बुडालेलं राहतं आणि हवेला वर जायची वाट मिळते.

लांबी इंजिन हलतं हे धरून मोजा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, ॲक्सिलरेटर दिल्यावर ते एका बाजूला झुकतं. टाकी मात्र बऱ्याचदा बॉडीवर असते. पाईप ताणून बसवला तर प्रत्येक झुकण्याला टोकाचा जोड ओढला जातो. थोडी ढील ठेवा, पण ती बाजूच्या वळणात, वरच्या नाही. वळण मोठं आणि सावकाश असावं. काटकोन टाळता येत नसेल तर सरळ पाईप मुरडू नका, त्या जागी साच्यातला एल्बो घाला. मुरडलेला पाईप गार असताना गोल दिसतो आणि गरम झाला की चपटा पडतो.

पिळाही तपासा. पाईपवर छापलेल्या अक्षरांची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. ती पाईपभोवती फिरत गेली असेल तर पाईप पिळलेला आहे. एक टोक सैल करा, मोकळा होऊ द्या, मग क्लिप आवळा.

एक्झॉस्टपासून शक्य तितकं लांब. जवळून नेण्यावाचून गत्यंतर नसेल तर मध्ये पत्र्याची ढाल लावा आणि वर उष्णतारोधक बाही चढवा. इथे फक्त रबराची काळजी नाही. हे तेल पेट घेऊ शकतं. बेल्ट, पुली आणि पंख्यापासून इतकं अंतर हवं की इंजिन झुकल्यावरही पाईप तिथे पोहोचणार नाही. धारदार पत्र्याच्या कडेवरून जात असेल तर तिथे रबरी अस्तराची क्लिप द्या.

टोकं बसवताना घाई नको. धारदार ब्लेडने एका फटक्यात काटकोनात कापा. करवतीने कापलं तर रबराचे कण आत राहतात. आतून पुसा, नळीला तेच स्टिअरिंग ऑईल लावा आणि पाईप पूर्ण सरकवा. नळीच्या टोकाला उंचवट्याची कडा असते, क्लिप त्या कडेच्या मागे बसली पाहिजे, कडेवर नाही. स्क्रूची क्लिप जोर लावून आवळली की पट्टीच्या खाचांतून रबर वर येतं आणि तिथेच चीर पडते. मला इथे स्प्रिंगची क्लिप आवडते. रबर वर्षभरात थोडं बसलं तरी तिची पकड तशीच राहते.

तेल भरणं आणि एअर काढणं

तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच. काही गाड्यांना लाल ट्रान्समिशन ऑईल चालतं, काहींना हिरवं सिंथेटिक हायड्रॉलिक ऑईल लागतं, काहींना त्यांचं स्वतःचं. रंगावरून ठरवू नका आणि दोन प्रकार मिसळू नका. ब्रेक ऑईल चुकूनही इथे नको, त्याने सगळी सील आणि पाईप खराब होतात.

पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचला आणि गाडी फक्त जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवा. टाकी भरा, इंजिन बंदच ठेवा. आता स्टिअरिंग या लॉकपासून त्या लॉकपर्यंत सावकाश फिरवा, वीस-पंचवीस वेळा, आणि पातळी खाली गेली की भरत राहा. बरेच जण इथेच घाई करून इंजिन सुरू करतात. मग पंप साचलेल्या हवेला तेलात घुसळून बारीक फेस करतो, आणि तो बसायला तासन्‌तास लागतात. फेस झालाच तर इंजिन बंद करा आणि गाडी तशीच सोडा; फिरवत राहिलात तर तो वाढतच जाईल. टाकीत बुडबुडे यायचे थांबले की इंजिन सुरू करा, आयडलिंगलाच पुन्हा सावकाश फिरवा, लॉकला धरून ठेवू नका. हट्टी हवेसाठी टाकीच्या तोंडाला हातपंपाने निर्वात लावतात. अडकलेला बुडबुडा फुगतो, हलका होतो आणि वर येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना पातळी पुन्हा बघा, मग गाडी सुरू करा आणि पहिलंच वळण काच खाली करून घ्या. तेल सगळ्यात घट्ट असतं ते याच वेळी.

त्या तीन पंपांच्या गाडीचं सांगायचं राहिलं. साच्यातला मूळ मापाचा फीड पाईप मागवला, टाकी धुतली, नवं तेल भरलं. तरी बारीक आवाज उरलाच. पंप खोलला, तर पोकळीच्या आतल्या भिंतीवर नखाला लागतील अशा बारीक लाटा उमटल्या होत्या. तो खरोखर संपला होता. मालकाने डिकीतून एक पुठ्ठ्याचा खोका काढला. आधीचा, ‘गेलेला’ दुसरा पंप त्याने जपून ठेवला होता. तो उघडून बघितला: भिंत गुळगुळीत, पात्या आपापल्या खाचांत मोकळ्या सरकत होत्या. धुतला, ओ-रिंग आणि सील नवी घातली, बसवला. गाडी सुरू केली आणि आयडलिंगला स्टिअरिंग पूर्ण डावीकडे नेलं. रिलीफ व्हॉल्व्हची फुसफुस तेवढी ऐकू आली.